लिंकरचं तोंड दाबू नका

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण कंपायलरशी नाही, लिंकरशी तर मुळीच नाही. भांडण आहे ते ‘लिंक झालं ना? मग झालं तर!’ असं म्हणणाऱ्या तमाम जनतेशी.

विंडोजवर सी किंवा सी++ मध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने एक ओळ पाहिलेली असते. मायक्रोसॉफ्टचा लिंकर असेल तर ‘एलएनके-२०१९, अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल सिम्बॉल’. मिनजीडब्ल्यू असेल तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’. आणि पुढे एक नाव. गंमत म्हणजे ते नाव बहुतेक वेळा अगदी घरचं असतं. प्रिंटएफ, एफप्रिंटएफ, स्ट्रडप, एसएनप्रिंटएफ... माणूस चक्रावतो. अरे, प्रिंटएफ सापडत नाही म्हणजे काय? स्वयंपाकघरात मीठ सापडत नाही म्हणण्यासारखं झालं हे!

मग पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. ती ओळ जशीच्या तशी कॉपी होते, शोधली जाते, कुणीतरी कधीतरी दिलेल्या पाच ओळी कोडमध्ये पेस्ट होतात. तक्रार गायब. साहेब विचारतात ‘बिल्ड झालं का?’, उत्तर जातं ‘हो सर’, आणि सगळे चहाला. माझं म्हणणं एवढंच की त्या क्षणी चूक सुटलेली नसते, तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबलेलं असतं. चूक तशीच एक्झीच्या पोटात जाऊन बसते आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर, नको त्या वेळी बाहेर येते.

आता लिंकर नेमकं काय म्हणत असतो ते बघू.

कंपायलर भोळा असतो. हेडर फाइलमध्ये ‘असं असं एक फंक्शन आहे बरं का’ एवढं लिहिलेलं दिसलं की त्याला पुरतं. लिंकर मात्र जुन्या पेढीवरच्या दिवाणजीसारखा. प्रत्येक नावापुढे त्याला पत्ता लागतो. पत्ता नाही तर सही नाही. तुम्ही दिलेल्या सगळ्या ऑब्जेक्ट फायली आणि लायब्रऱ्या धुंडाळून जेव्हा तो म्हणतो की हे नाव मला कुठेच मिळालं नाही, तेव्हा तो शंभर टक्के खरं बोलत असतो. प्रश्न त्याचा नसून आपला आहे. आपण त्याला कुठल्या सी लायब्ररीचं घर दाखवलं?

इथे विंडोजची खासियत येते. लिनक्सच्या बहुतेक वितरणांवर सी लायब्ररी ही व्यवस्थेचाच भाग असते, ग्लिबसी नावाची एकच, आणि सगळे तीच वापरतात. विंडोजवर वर्षानुवर्षं सी लायब्ररी ही कंपायलरबरोबर येणारी वस्तू होती. १९९८ च्या व्हिज्युअल सी++ ६ ची एमएसव्हीसीआरटी. मग २००२ ची एमएसव्हीसीआर७०, २००३ ची ७१, २००५ ची ८०, २००८ ची ९०, २०१० ची १००, २०१२ ची ११०, २०१३ ची १२०. प्रत्येक वेळी नवी डीएलएल, नवा संसार. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने हे सगळं मोडून दोन भाग केले. कंपायलरशी बांधलेला भाग व्हीसीरनटाइम१४० मध्ये गेला, आणि बाकीची सी लायब्ररी यूसीआरटी म्हणून विंडोज १० पासून व्यवस्थेचाच हिस्सा झाली. मिनजीडब्ल्यूवाले इतकी वर्षं त्या जुन्या एमएसव्हीसीआरटीवर राहत होते, आता तेही हळूहळू यूसीआरटीकडे सरकलेत.

म्हणजे विंडोजवर ‘सी लायब्ररी’ अशी एक वस्तूच नव्हती. घराणी होती. आणि ‘प्रिंटएफ सापडत नाही’ याचा खरा अर्थ असा: तुमच्या प्रोग्रॅमच्या तुकड्यांपैकी एक तुकडा एका घराण्यात वाढलाय, आणि तुम्ही त्याला दुसऱ्याच घरात नांदायला आणलंय. हा एवढा मोठा निरोप लिंकर एका ओळीत देतो, आणि आपण त्याला काय उत्तर देतो? पाच पेस्ट केलेल्या ओळी.

उदाहरणं घेऊ, नाहीतर म्हणाल नुसताच आरडाओरडा करतोय.

पहिलं उदाहरण, या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं. २०१५ नंतरच्या व्हिज्युअल स्टुडिओत २०१३ किंवा त्याआधी बांधलेली एखादी स्टॅटिक लायब्ररी जोडली की दोन तऱ्हेच्या तक्रारी येतात. एक, प्रिंटएफच्या कुळातली नावं सापडत नाहीत. कारण २०१५ पासून ही फंक्शन्स हेडरमध्येच इनलाइन झाली, लायब्ररीत त्या नावाने उरलीच नाहीत. याच्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच लेगसी_एसटीडीआयओ_डेफिनिशन्स नावाची लायब्ररी दिलेली आहे. ती जोडा, रीतसर उपाय आहे, माझी काही तक्रार नाही. दुसरी तक्रार येते __आयओबी_फंक या नावाची. खरा घोळ इथे आहे.

जुन्या घराण्यात एसटीडीइन, एसटीडीआउट आणि एसटीडीएरर हे तिघं एका अ‍ॅरेत शेजारी शेजारी बसलेले असत, आणि __आयओबी_फंक त्या अ‍ॅरेचा पत्ता देई. नव्या घराण्यात ते फंक्शन नाही. मग जगभर फिरणारा ‘उपाय’ काय? आपणच त्या नावाचं फंक्शन लिहायचं, त्यात तीन फाइल स्ट्रक्चर्सचा एक अ‍ॅरे करायचा, एसटीडीइन, एसटीडीआउट, एसटीडीएररची नक्कल त्यात भरायची आणि अ‍ॅरेचा पत्ता परत द्यायचा. लिंक होतं. टाळ्या!

आता जरा बाइट मोजा. जुन्या घराण्यात फाइल स्ट्रक्चर ३२ बिटवर ३२ बाइटचं होतं, ६४ बिटवर ४८ बाइटचं. नव्यात ते झाकलेलं आहे. बाहेरून दिसतो फक्त एक पॉइंटर, म्हणजे ३२ बिटवर ४ बाइट. तुमचा नवा अ‍ॅरे झाला तीन चोक बारा बाइटचा. जुनी लायब्ररी मात्र जुन्या हिशोबाने एसटीडीएरर शोधायला जाते ६४ व्या बाइटवर. बारा बाइटच्या घरात चौसष्टावी खोली! तिथे काय असेल ते नशीब. आणि पहिली खोली तरी खरी आहे का? नाही. नक्कल केली ती दिसणाऱ्या पॉइंटरएवढ्या बाइटांची. खरी माहिती, म्हणजे बफरची अवस्था, फाइलचा क्रमांक, कुलूप, त्या पॉइंटरच्या पुढे असते, आणि ती नकलेत आलेलीच नसते.

यातली सगळ्यात दुष्ट गोष्ट वेगळीच आहे. ती लायब्ररी एसटीडीएररवर कधी लिहिते? काहीतरी बिघडलं तरच. म्हणजे रोजच्या टेस्टमध्ये सगळं हिरवंगार. ज्या दिवशी एखादी फाटकी फाइल येईल आणि लायब्ररी दोन शब्दांत ‘ही फाइल खराब आहे’ असं सांगायला जाईल, त्याच दिवशी प्रोग्रॅम कोसळेल. कोसळला तर निदान कळेल तरी. कधी कधी तो दुसऱ्याच्या मेमरीत खुशाल लिहून पुढे चालू लागेल. अडचण सांगायला येणाऱ्यालाच आपण जिन्यावरून ढकललं, आणि वर म्हणतोय की घरात काही अडचण नाही.

दुसरं उदाहरण. एसएनप्रिंटएफ. हे फंक्शन सीच्या प्रमाणात आलं १९९९ साली. व्हिज्युअल सी++ मध्ये प्रमाणाबरहुकूम आलं २०१५ साली. मधली सोळा वर्षं तिथे होतं _एसएनप्रिंटएफ, पुढे अंडरस्कोर असलेलं. नाव सारखं, स्वभाव वेगळा. मजकूर बफरमध्ये मावला नाही तर प्रमाण फंक्शन मजकूर तोडून शेवटी शून्य ठेवतं, आणि पूर्ण मजकुराला किती जागा लागली असती ते सांगतं. अंडरस्कोरवालं भाऊ बफर काठोकाठ भरतात, शेवटचं शून्य ठेवत नाहीत, आणि ऋण आकडा हातात देतात.

आता लिंकर म्हणाला की एसएनप्रिंटएफ नाही. उपाय? एका ओळीचा मॅक्रो: एसएनप्रिंटएफ दिसलं की तिथे _एसएनप्रिंटएफ समज. ही ओळ मी इतक्या प्रोजेक्टांत पाहिली आहे की मोजणं सोडून दिलं. लिनक्सवर लिहिलेला कोड शेवटच्या शून्यावर विसंबून असतो. विंडोजवर ते शून्य नाही. पुढचं स्ट्रलेन बफर ओलांडून पळत सुटतं. कुणी परत आलेला आकडा जागेच्या पॉइंटरमध्ये मिळवत असेल, तर पॉइंटर पुढे जायच्या ऐवजी मागे येतो. हे नुसतं ‘पोर्टेबिलिटी’चं किरकोळ दुखणं नाही. हे सुरक्षेतलं भगदाड आहे, आणि ते आपण स्वतःच्या हाताने पाडलं, फक्त एक ओळ दिसू नये म्हणून. पुढे यूसीआरटीच्या हेडरमध्ये मायक्रोसॉफ्टने अशी तजवीज केली की एसएनप्रिंटएफ नावाचा मॅक्रो आधीपासून असेल तर कंपाइल थांबतं. मग लोकांनी काय केलं? काहींनी हेडरच्या आधीचा मॅक्रो हेडरच्या नंतर नेऊन ठेवला. धन्य!

तिसरं उदाहरण जरा चोरट्या जातीचं. सी मध्ये घोषणा न केलेलं फंक्शन वापरलं तर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर अजूनही फक्त वॉर्निंग देतो, सी-४०१३: हे फंक्शन इंट परत देतं असं मी धरून चालतोय. जीसीसीने २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीपासून याला सरळ एरर केलं, ते उत्तम झालं. समजा कोडमध्ये स्ट्रएनडप आहे. विंडोजच्या लायब्ररीत ते नाही. लिंकर ओरडतो. कुणीतरी स्ट्रएनडप लिहून वेगळ्या फाइलीत टाकतं, प्रोजेक्टला जोडतं. लिंकर गप्प. पण हेडरमध्ये घोषणा कुणी केली? कुणीच नाही. कंपायलर समजतो की इंट येणार, ३२ बिटचा. प्रत्यक्षात येतो ६४ बिटचा पॉइंटर. वरचे ३२ बिट कापले जातात. मेमरी खालच्या २ जीबीत मिळाली तर निभावतं, वर मिळाली तर मेलात. आणि कधी कुठे मिळेल ते तुमच्या हातात नाही. वॉर्निंग होती हो, पण चारशे वॉर्निंगांमध्ये ती चारशे एकावी होती.

चौथा प्रकार सरळसरळ गुंडगिरीचा. लिंकर म्हणतो एलआयबीसीएमटी आणि दुसरी लायब्ररी यांचं भांडण आहे, एलएनके-४०९८. अर्थ साधा असतो: काही तुकडे /एमटी ने बांधलेत, म्हणजे सी लायब्ररी पोटात घेऊन, आणि काही /एमडी ने, म्हणजे डीएलएलच्या भरवशावर. सगळे एकाच पद्धतीने बांधा, भांडण संपलं. पण नाही. आम्ही /नोडिफॉल्टलिब लावणार, तेही कुठलं नाव न देता. मग सगळीच घराणी हाकलली जातात आणि एका तक्रारीच्या जागी डझनावारी नावं येतात. मग आम्ही /फोर्स लावणार. /फोर्स म्हणजे काय, तर ‘पत्ते मिळोत न मिळोत, तू सही कर’. दिवाणजींच्या कानशिलाला बंदूक. सही होते. प्रोग्रॅममध्ये दोन सी लायब्रऱ्या नांदतात, दोघींचे एररनो वेगळे, दोघींची उघड्या फायलींची यादी वेगळी. एकीकडे उघडलेली फाइल दुसरीला माहीतच नाही. एकीच्या मॅलॉकने घेतलेली जागा दुसरीच्या फ्रीने सोडली तर कधी चालतं, कधी नाही. चालेल असं वचन कुणीच दिलेलं नाही.

आता यावर येणारी उत्तरं मला पाठ आहेत.

पहिलं उत्तर: ‘हा सगळा मायक्रोसॉफ्टचा दोष आहे.’ बरोबर आहे की! मी कुठे नाही म्हणतोय? सोळा वर्षं एसएनप्रिंटएफ दिलं नाही. २०१२ साली तर हर्ब सटर यांनी जाहीर लिहिलं होतं की आमचं लक्ष सी++ वर आहे, सी-९९ पूर्ण करण्याचा बेत नाही. (पुढच्याच वर्षी सी-९९ च्या लायब्ररीतला बराच भाग आला, हेही सांगायला हवं.) २००५ पासून स्ट्रकॉपी वापरलं की ‘असुरक्षित’ म्हणून ओरडायचं, स्ट्रडप वापरलं की ‘हे नाव जुनं, _स्ट्रडप वापरा, ते प्रमाणाला धरून आहे’ असं सांगायचं. आणि सी-२३ मध्ये तेच स्ट्रडप, बिनअंडरस्कोरचं, प्रमाणात येऊन बसलं! लोकलटाइम_एस मध्ये तर सीच्या प्रमाणात आर्ग्युमेंट्सचा जो क्रम आहे, त्याच्या बरोबर उलटा यांचा. अलाइन्ड_अलॉक आजही नाही, कारण यांच्या फ्रीला तशी जागा सोडता येत नाही. तक्रारींची यादी हवी तेवढी लांब करता येईल. पण त्यातली एकही तक्रार तुम्हाला खोटं फंक्शन लिहायचा परवाना देत नाही. शेजारी कचरा टाकतो म्हणून आपण आपल्या हौदात कचरा टाकत नाही.

दुसरं उत्तर: ‘लायब्ररीचा सोर्सच नाही आमच्याकडे, विकणारी कंपनी बंद पडली, काय करू?’ ही खरी अडचण आहे आणि तिला खरं उत्तर आहे. त्या लायब्ररीभोवती तिच्याच काळच्या टूलसेटने एक छोटी डीएलएल बांधा. तिला तिचं घराणं तिच्या घरात जगू द्या. उंबरठ्यावरून फक्त साधे आकडे आणि बाइटचे बफर जाऊ द्या. फाइल पॉइंटर नको, एकाने घेतलेली मेमरी दुसऱ्याने सोडायला नको. दोन दिवसांचं काम आहे. गिऱ्हाइकाकडे मध्यरात्री क्रॅश डम्प चाळण्यापेक्षा कमीच.

तिसरं उत्तर: ‘म्हणजे हरवलेलं फंक्शन स्वतः लिहायचंच नाही का?’ जरूर लिहा. गिट विंडोजवर कसं आणलं ते बघा. गिटच्या सोर्समध्ये कॉम्पॅट नावाचा फोल्डर आहे. जी फंक्शन्स तिकडे नाहीत किंवा वेगळी वागतात, त्यांच्यासाठी तिथे वेगळ्या फायली आहेत, आणि एसएनप्रिंटएफच्या फाइलीत विंडोजचं फंक्शन शेवटच्या शून्याचं काय करतं ते टिपणात लिहून मग त्यावर इलाज केलेला आहे. हे प्रामाणिक काम. फंक्शनचा करार पाळणं वेगळं आणि फंक्शनचं नुसतं नाव घेऊन दारात उभं राहणं वेगळं. तोतया आणि वारस यांत काही फरक आहे की नाही?

ही सवय येते कुठून, यावर माझं एक मत आहे. आपल्याकडच्या कित्येकांची सीशी ओळख टर्बो सी च्या निळ्या पडद्यावर झाली. एक बटण दाबलं की कंपाइल, लिंक, रन सगळं एकदम. क्लिअरएससीआर हे सीचंच फंक्शन आहे असं मनात पक्कं बसलं. तेच पोरगं मिनजीडब्ल्यूवर गेलं, कोनिओ हेडर सापडलं, गेटसीएच चाललं, पण क्लिअरएससीआरला ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. त्याला सांगितलं काय जातं? ‘ती ओळ काढून टाक.’ ते फंक्शन सीचं नव्हतंच, बोरलँडच्या लायब्ररीचं होतं, हेडर म्हणजे लायब्ररी नव्हे, लिंकर नावाचं एक वेगळं पात्र या नाटकात आहे, हे सांगायची केवढी सुंदर संधी होती! ती गेली. तेच पोरगं पुढे इंजिनिअर होतं आणि __आयओबी_फंक ची ओळही ‘काढून टाकतं’.

असो. शिव्या घालून झाल्या, आता करायचं काय ते सांगतो. ओळ आली की पेस्ट करण्याआधी चार प्रश्न.

एक, नाव नीट वाचा. सुरुवातीला __आयएमपी_ आहे? म्हणजे मागणारा तुकडा ते फंक्शन डीएलएलमधून येईल असं धरून बांधलाय. सुरुवातीला प्रश्नचिन्ह आहे? मग ते सी++ चं रंगवलेलं नाव आहे, कुठेतरी एक्स्टर्न सी राहिलंय. शेवटी @ आणि आकडा? मग कॉलिंग कन्व्हेन्शनचा घोळ. नावातच निम्मं निदान असतं.

दोन, मागतंय कोण? लिंकर त्या फाइलीचं नाव देतो. तुमचा कोड, की बाहेरून आणलेली लायब्ररी? डम्पबिनला /डायरेक्टिव्हज दिलं की ती ऑब्जेक्ट फाइल कुठल्या सी लायब्ररीची आस धरून आहे ते लिहिलेलं दिसतं.

तीन, हे फंक्शन मुळात कुणाचं? सीच्या प्रमाणातलं, पॉझिक्सचं, ग्नूचं, की एखाद्या कंपायलरचं खाजगी? गेटटाइमऑफडे किंवा स्ट्रकेसकम्प विंडोजच्या सी लायब्ररीत शोधत बसू नका, ती तिथली नव्हेतच.

चार, ते जिथे आहे ती लायब्ररी लिंकरला दिलीय का, आणि योग्य जागी दिलीय का? ग्नू लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच जातो. मागणाऱ्याच्या आधी देणारा आला तर त्याला देणाऱ्याची गरजच कळत नाही. सॉकेटची नावं अडली असतील तर डब्ल्यूएस२_३२ ऑब्जेक्ट फायलींच्या नंतर लिहा.

या चारांना दहा मिनिटं लागतात. पेस्ट करायला एक मिनिट. फरक नऊ मिनिटांचा, आणि त्या नऊ मिनिटांची किंमत पुढे कोण मोजतं? ज्याने एक्झी विकत घेतली तो. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी काहीतरी सापडत नाही’ असा डबा जुन्या विंडोज ७ वर आला की जो बिचारा कुठल्यातरी भलत्याच साइटवरून ती डीएलएल उतरवून घेतो, त्यालाही आपणच ही सवय लावली आहे. इलाज होता यूसीआरटीचा अपडेट, किंवा आपण आपल्या इन्स्टॉलरमध्ये रनटाइम देणं. पण नाव सापडत नाही म्हणजे त्या नावाचं काहीतरी आणून टाकायचं, हा धडा त्याने आपल्याकडूनच घेतलाय.

कोड रिव्ह्यूत असली पाच ओळींची मलमपट्टी दिसली की मी एकच विचारतो, ‘लिंकर काय म्हणत होता ते मला मराठीत सांग.’ सांगता आलं तर मलमपट्टी बहुतेक वेळा माणूस स्वतःच काढून टाकतो. सांगता आलं नाही तर ती ओळ आत जात नाही. तुम्हीही आपापल्या टीममध्ये हा एवढा एक नियम लावून बघा. सोमवारपासूनच.